घडीच्या चाकूचं लॉक: जुनं ठेवावं की नवं घ्यावं?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे दोन घडीचे चाकू आहेत, आणि प्रश्न त्यांच्या लॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या रचनेचा आहे. एक मामांनी जहाजावरच्या नोकरीत असताना आणलेला, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ असलेला जुना लॉकबॅक. दुसरा वडिलांचा, लाकडी मुठीचा ओपिनेल. लॉकबॅकचं पातं उघडल्यावर किंचित वर-खाली हलतं आणि ओपिनेल पावसाळ्यात उघडायलाच तयार होत नाही. ते म्हाप्याच्या एका गोदामात कामाला आहेत, दिवसभर खोकी, पॅकिंगच्या पट्ट्या आणि सुतळी कापायची असते. सुट्टीला येऊर, कर्नाळा असं भटकणं असतं. शिवाय ते डावखुरे आहेत. दुकानदार म्हणतो, "जुनी लॉकं आता बाद झाली, क्रॉसबार घ्या." (क्रॉसबार म्हणजे आडव्या दांडीचं नवं लॉक.) मित्र म्हणतो, "क्रॉसबारच्या स्प्रिंगा तुटतात, जुनंच बरं." तर सगळ्यांत मजबूत लॉक कुठलं, आणि जुने चाकू बाद करावेत का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये फिटर म्हणून बरीच वर्षं काम केलं. आता ठाण्यातच धार लावायचं आणि चाकू-कात्र्या दुरुस्त करायचं काम करतो. लॉक मोडलं म्हणून माझ्याकडे चाकू आला, असं क्वचित होतं. पण लॉक पूर्ण बसलं नव्हतं म्हणून पातं मिटलं, किंवा मिटवताना बोट पात्याच्या वाटेत राहिलं म्हणून कापलं, अशी माणसं नेहमी भेटतात. त्यामुळे "मजबूत कुठलं" यापेक्षा मला वेगळं विचारावंसं वाटतं: हे लॉक निकामी कसं होतं, होण्याआधी तुम्हाला कळतं का, आणि पातं मिटवताना तुमचं बोट नेमकं कुठे असतं? जुन्या आणि नव्या रचनांमधला खरा फरक याच ठिकाणी दिसतो.

आधी लॉकवर जोर कधी येतो ते बघू. तुम्ही धार खाली दाबून पट्टी कापता तेव्हा पट्टी पात्याला वर, म्हणजे पाठीच्या दिशेने ढकलते. तो जोर पातं मिटवत नाही, उलट आणखी उघडायला बघतो. तो अडवायचं काम पात्यामागच्या अटकेचं, म्हणजे पातं जिथे टेकून थांबतं त्या जागेचं असतं. मिटण्याच्या दिशेने जोर येतो तो तीन वेळा: टोक खुपसताना, पातं अडकल्यावर ते हिसका देऊन मागे ओढताना, आणि पाठीवर काही आपटलं तर. साध्या, सरळ कापण्यात लॉकला फारसं काम नसतं. स्विस आर्मी चाकूला मोठ्या पात्यावर लॉक नसतानाही १८९७ पासून लोक तो बिनघोर वापरत आले, त्याचं कारण हेच. त्यात फक्त पाठीवरची स्प्रिंग पात्याला दाबून धरते. मात्र तो वापरणाऱ्याला ठाऊक असतं की याला लॉक नाही, म्हणून तो पाठीवर जोर देत नाही. लॉक असलेल्या चाकूत माणूस निर्धास्त होतो आणि नको ते करून बघतो. शहाळं फोडायला, लाकूड फाडायला, डबा उचकटायला घडीचा चाकू काढूच नये. तिथे कोयता किंवा अखंड पात्याचा सुरा हवा, मग लॉक कितीही नवं असो.

आता तरफेचा हिशेब, कारण तो सगळ्या लॉकांना सारखाच लागू आहे. समजा तुमच्या पात्याचं टोक बिजागरीच्या खिळ्यापासून ८५ मिलिमीटरवर आहे आणि लॉक पात्याच्या बुडाला खिळ्यापासून साधारण ८ मिलिमीटरवर टेकतं. म्हणजे दहापटीहून जास्त तरफ झाली. टोकाजवळ पाठीवर ५ किलोचा दाब आला तर लॉकच्या तोंडावर ५० किलोहून जास्त येतो. उलट बाजूने, लॉकपाशी ०.०५ मिलिमीटर ढिलाई असेल तर टोकाला अर्धा मिलिमीटर हालचाल दिसते. तुमचं पातं हलतं ते यामुळेच इतकं जाणवतं. टोकाची हालचाल बघून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. ती लॉकची तब्येत सांगत असते.

ओपिनेलचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्सच्या साव्हॉय भागात १८९० मध्ये हा चाकू केला तेव्हा त्याला लॉक नव्हतं. मानेवरची फिरती कडी १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी आणली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, बस. कडीची कड किंचित तिरकी असते, त्यामुळे फिरवत गेलं की ती पात्याच्या बुडावर घट्ट होत जाते. झीज झाली तर आणखी थोडी फिरवायची. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, तुटण्यासारखं जवळपास काहीच नाही. २००० पासून ती कडी बंद अवस्थेतही अडकते, म्हणजे खिशात पातं आपोआप उघडत नाही. वडिलांचा चाकू त्याआधीचा असेल तर ही सोय त्यात नसेल, ते तपासा.

पावसाळ्यात तो उघडत नाही यात लॉकचा काही दोष नाही. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची आहे आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो त्यात ते फुगतं आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळतं. साव्हॉयमधल्या लोकांनाही हा त्रास होतोच. ते मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, मग पातं नखाला धरण्याइतकं बाहेर येतं. तुम्हीही तसंच करा, पक्कड लावून पातं ओढू नका. कायमचा उपाय हवा असेल तर हिवाळ्यात, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना, खाचेच्या आतल्या भिंती पॉलिश पेपरने अगदी थोड्या घासा आणि मग खाचेत जवसाचं तेल दोन-तीन वेळा मुरू द्या. पावसाळ्यात घासलंत तर हिवाळ्यात पातं ढिलं पडेल.

ओपिनेलची खरी मर्यादा दुसरी आहे. कडी फिरवणं हे वेगळं काम आहे आणि घाईत माणूस ते विसरतो. गोदामात दिवसातून कितीतरी वेळा चाकू उघडायचा-मिटवायचा असेल तर तो विसरणारच. घरी आंबा-पेरू कापायला, डब्यासोबत न्यायला तो उत्तम आहे. गोदामातल्या कामाला वापरू नका.

आता लॉकबॅक. बक या अमेरिकी कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ मध्ये बाजारात आला आणि त्यानंतर या रचनेच्या प्रती जगभर निघाल्या. मामांचा चाकूही त्याच वळणाचा दिसतो. मुळात ही रचना त्याहून बरीच जुनी आहे. मुठीच्या पाठीवर एक लांब पट्टी असते, मधे खिळ्यावर डोलणारी. तिच्या पुढच्या टोकाचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो आणि मागून स्प्रिंग त्याला दाबून धरते. मागचं टोक दाबलं की आकडा उचलतो आणि पातं सुटतं. मला ही रचना आवडते. डाव्या-उजव्या हाताचा भेद नाही, सगळं पोलादी असतं, आणि वर्षानुवर्षं चालते.

तिचं दुखणं मात्र एकच आणि मोठं: ती खाच कचऱ्याची पेटी होते. खिशातलं कापसासारखं लिंट, खोक्यांचा भुसा, जुनं तेल, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फणसाचा चीक. हे सगळं खाचेच्या तळाशी दबत जातं. आकडा मग पूर्ण खाली बसत नाही, अर्ध्यावर टेकतो. "खट्" आवाज तर येतो, त्यामुळे माणसाला वाटतं लॉक लागलं. पण अर्ध्यावर टेकलेल्या आकड्याला पाठीवरचा एक फटका पुरतो.

हे तुम्ही घरीच बघू शकता. चाकू पूर्ण उघडा आणि बोटाचं नख मुठीच्या पाठीवरून, पट्टी आणि पितळ जिथे मिळतात तिथे, आडवं फिरवा. पट्टी पितळाच्या पातळीत असली पाहिजे. नख अडलं, म्हणजे पट्टी केसभर वर आली असेल, तर आकडा पूर्ण बसलेला नाही. तुमच्या चाकूत बहुतेक हेच निघेल. अशा चाकूची खाच मी उजेडाखाली धरून लाकडी टूथपिकच्या चपट्या केलेल्या टोकाने कोरतो, तेव्हा आधी काळा, ओलसर लगदा निघतो आणि त्याखाली कागदासारखा दबलेला थर. तो थरच खरा गुन्हेगार असतो, आणि नुसत्या ब्रशने तो सुटत नाही. कोरून झालं की कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. फणसाचा चीक असेल तर पाण्याआधी खाद्यतेल लावून पंधरा मिनिटं ठेवा. नुसत्या पाण्याने तो हलत नाही. मग हेअर ड्रायरने आतपर्यंत कोरडं करा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब खिळ्याला आणि एक पट्टीच्या डोलण्याच्या खिळ्याला. खोबरेल तेल नको. ठाण्याच्या थंडीतही ते थिजतं, पुढे चिकट होतं, आणि त्यावर पुन्हा कचरा धरतो.

एवढं केल्यावर नख अडेनासं झालं आणि पात्याची हालचाल गेली, तर चाकू ठणठणीत आहे. पट्टी पातळीत येऊनही पातं हलत असेल तर झीज झाली आहे. कापताना येणारा वरचा जोरही या रचनेत पट्टीच्याच पुढच्या तोंडावर येतो, म्हणून ती वर्षांनुवर्षांनी झिजते. टोकाला अर्धा मिलिमीटर हालचाल असेल आणि आकडा खोल बसत असेल तर हलक्या कामाला तो वापरायला मला काही भीती वाटत नाही. जास्त असेल तर फाईल मारून "ठीक" करायला कुणाला देऊ नका. खाचेतलं पोलाद एकदा गेलं की परत येत नाही आणि चुकीच्या कोनात घासलेला आकडा जोर आला की वर सरकतो. असे चाकू मी आठवण म्हणून जपायला सांगतो.

लॉकबॅकमध्ये आणखी एक गोष्ट बघायची. मूठ घट्ट आवळून काम करताना तळहाताने पट्टीचं मागचं टोक दाबलं जातं का? बोटांना, हाताच्या आकाराला धरून हे बदलतं. चाकू बनवणारे डेव्हिड बॉय यांनी पट्टीला त्या जागी एक उथळ खळगा द्यायची युक्ती केली, म्हणजे मुद्दाम बोट घातल्याशिवाय ती दाबली जात नाही. बऱ्याच लॉकबॅकवर आता तो खळगा दिसतो. आणि झिजेवर अँड्र्यू डेमको यांनी ट्राय-अॅड लॉकमध्ये उपाय काढला: पट्टी आणि पात्याचं बूड यांच्यामध्ये एक जाड आडवी पिन घातली, सगळा जोर तिच्यावर घेतला, आणि पट्टीच्या खिळ्याचं भोक किंचित लांबट ठेवलं, म्हणजे झीज झाली तरी पट्टी सरकून पुन्हा घट्ट बसते. लॉकबॅक बाद झालं म्हणणाऱ्या तुमच्या दुकानदाराला हे जरूर सांगा. नुसत्या ताकदीचाच विचार केला तर मी हेच लॉक निवडीन.

लायनर लॉक हे मधल्या पिढीचं. त्याची कल्पनाही जुनी, १९०६ च्या वॉटसन-चॅडविक पेटंटमधली, पण आज आपण जे बघतो ते रूप मायकल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. पाठीवरची स्प्रिंग काढून टाकली, मुठीच्या आतल्या पत्र्यालाच एक जीभ कापली आणि पातं मिटलेलं राहावं म्हणून त्या जिभेवर एक बारीक गोळी बसवली. पातं उघडलं की जीभ आत येते आणि दार उघडं राहावं म्हणून आपण खाली पाचर सारतो तशी पात्याच्या बुडामागे जाऊन बसते. जीभ पातळ पत्र्याऐवजी मुठीच्या जाड भिंतीचीच केली की ते फ्रेम लॉक. ते ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूने रूढ केलं.

या रचनेत सगळा खेळ कोनाचा आहे. पात्याच्या बुडाचा उतार साधारण ७ ते १० अंश असतो. कोन कमी पडला तर जीभ अडकून बसते आणि सुटत नाही. जास्त झाला तर जोर आला की घसरते. नवीन लायनर किंवा फ्रेम लॉक घेताना दोन गोष्टी बघा. जीभ बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागावर टेकलेली असावी. नुसती कडेला टेकली असेल तर ठेवून द्या. पार पलीकडच्या पत्र्यापर्यंत गेली असेल तर तिचं आयुष्य संपत आलं आहे. दुसरं, पात्याच्या बुडाला मार्करची शाई लावून चाकू पाच-सहा वेळा उघडा-मिटवा. शाई जिथून पुसली गेली तिथेच जीभ टेकते. ती जागा खिळ्यापासून लांबच्या, खालच्या कोपऱ्यात हवी. वर, खिळ्याजवळ पुसली गेली असेल तर पातं कधी ना कधी डोलणार. टायटॅनियमची जीभ पोलादावर चिकटते, सोडवताना अंगठा दुखतो. त्यावर शिसपेन्सिलची दोन-चार रेघोटी पुरते. तेल मात्र लॉकच्या तोंडावर कधीच घालू नका. घर्षणावरच ते टिकून आहे.

पण तुमच्यासाठी या दोन्ही लॉकांना माझा नकार आहे, आणि त्याची कारणं दोन. ती उजव्या हाताला धरून केलेली असतात. डाव्या हातात जीभ अंगठ्याऐवजी बोटांच्या बाजूला येते आणि आवळताना सुटू शकते. डावखुऱ्यांसाठीची मिळतात, पण आपल्या बाजारात शोधावी लागतील. आणि मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. जीभ बाजूला केली, पातं जरा खाली आलं की अंगठा काढायचा, हे सवयीने जमतं. गोदामात घामेजलेल्या हाताने, लक्ष दुसरीकडे असताना, कधीतरी जमत नाही. माझ्याकडे हातावर पट्टी बांधून येणाऱ्यांत या लॉकवाल्यांची संख्या जास्त असते.

क्रॉसबार इथेच सरस ठरतं. बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांची ही रचना बेंचमेड या चाकू कंपनीने अॅक्सिस नावाने १९९० च्या दशकाच्या शेवटी आणली. पेटंटची मुदत संपल्यावर ती सगळीकडे पसरली, म्हणून आज ती परवडणाऱ्या चाकूतही मिळते. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लांबट भोकांतून आरपार जाणारी एक पोलादी दांडी असते. दोन बाजूंच्या दोन तारेच्या स्प्रिंगा तिला पुढे ढकलतात आणि पात्याचं बूड ती दांडी आणि अटकेची पिन यांच्यामध्ये पाचरीसारखं आवळलं जातं. दांडी मागे ओढली की पातं सुटतं, आणि दांडी ओढणारी बोटं पात्याच्या वाटेत कुठेच येत नाहीत. डावा हात असो की उजवा, फरक नाही. कडा उघड्या असल्यामुळे नळाखाली धरलं की धूळ निघून जाते. पावसात चिखल गेला तरी हेच.

तुमचा मित्र म्हणतो ते खोटं नाही. त्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक असतात आणि कधीतरी तुटतात. पण दोन असतात. एक तुटली की दांडी एका बाजूने ढिली, तिरकी लागते, पातं मिटलेलं धरून ठेवणं कमी होतं, आणि दुसऱ्या स्प्रिंगेवर लॉक तेवढ्यापुरतं चालतं. म्हणजे ते सांगून बिघडतं. जे लॉक आधी खुणावतं त्याची मला कमी काळजी वाटते. घेताना स्प्रिंगा सुट्या मिळतात का, हे विचारून घ्या. बदलणं अवघड नाही, टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या स्क्रूचे, दोन बिट आणि शांत हात लागतो.

कम्प्रेशन लॉक, बटण लॉक, बॉल लॉक असे आणखी प्रकार आहेत. त्यातलं स्पायडर्को कंपनीचं कम्प्रेशन लॉक फार विचारपूर्वक केलेलं आहे: जीभ मुठीच्या पाठीच्या बाजूला, बूड आणि अटकेच्या पिनमध्ये दबते, आणि मिटवताना बोट सुरक्षित राहतं. मात्र तेही मुळात उजव्या हाताचं. म्हणून तुमच्यासाठी त्यात फार शिरत नाही.

इथपर्यंतचा हिशेब असा: जुनी लॉकं घाण झाली की फसवतात, पण साफ केली की पुन्हा भरवशाची होतात आणि घडण साधी असली तरी चालतात. नवी लॉकं बोटं वाचवतात, पण त्यांना अचूक घडण लागते. हा शेवटचा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. ओपिनेलची कडी थोडी कमी-जास्त असली तरी फिरवून जमवता येते. क्रॉसबारच्या दांडीची दोन भोकं एकमेकांसमोर नसतील, किंवा पात्याच्या बुडाचा उतार चुकला असेल, तर ते जमवायला तुमच्या हातात काहीच नाही. टूलरूममध्ये आम्ही शतांश मिलिमीटरवर भांडायचो ते अशाच कामांसाठी. म्हणून नामांकित चाकूसारखी दिसणारी स्वस्त नक्कल घेण्यापेक्षा त्याच पैशांत साधा, प्रामाणिक लॉकबॅक घेतलेला मी कधीही पसंत करीन.

आणि पात्याचं पोलाद विचारा. मध्यम किमतीच्या क्रॉसबार चाकूंमध्ये बऱ्याचदा डी-२ असतं. धार छान टिकते, प्रेस टूलमध्ये आम्ही ते वापरायचो. पण ते पूर्ण गंजरोधक नाही. ऐरोलीत खाडीचा खारा वारा, त्यात पावसाळा. पुसायचा कंटाळा केला तर जुलैपर्यंत बुडाजवळ काळे ठिपके पडतात, आणि बूड म्हणजेच लॉक टेकायची जागा. तिथे गंज लागला की लॉक खरखरीत चालतं. त्यापेक्षा १४सी२८एन सारखं गंजाला दाद न देणारं पोलाद निवडा, धार जरा लवकर लावावी लागली तरी चालेल.

तेव्हा तुमच्यापुरतं माझं मत: कामावर न्यायला गंजरोधक पोलादाचा क्रॉसबार घ्या, पातं ७ ते ८ सेंटीमीटरचं पुरे. खोकी आणि पट्ट्यांना त्याहून लांब पातं लागत नाही, आणि आखूड पात्याला तरफही कमी. मामांचा लॉकबॅक आधी साफ करा, मग वर सांगितलेली नखाची परीक्षा घ्या आणि घरच्या कामाला ठेवा. ओपिनेल फळांना. तिन्हींपैकी काहीही फेकायची गरज नाही.

लॉक तपासायला पाठ टेबलावर आपटून बघायची पद्धत पडद्यावर बरीच दिसते. ती करू नका. चांगलं लॉकही त्याने खराब होतं आणि वाईट लॉक तुमच्या बोटांवर मिटतं. पातं मिटलंच तर त्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही अशी मूठ तळहातात धरा, पात्यावर जाड टॉवेलची घडी ठेवा आणि पाठीवर हळूहळू दाब वाढवत न्या. हलकी "टक्" जाणवली किंवा लॉक सरकताना दिसलं की थांबा. दुसरी परीक्षा: मूठ पूर्ण ताकदीने आवळून मनगट डावीकडे-उजवीकडे पिळा आणि लॉक जागचं हलतं का ते बघा. दोन्ही परीक्षा महिन्यातून एकदा केल्या तरी पुरे.

राहिला प्रश्न चाकू सोबत नेण्याचा. तुम्ही विचारला नाहीत, पण येऊर आणि कर्नाळ्याचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला परवान्याचे नियम लागू होऊ शकतात. घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुमचे चाकू त्याहून कितीतरी लहान आहेत. पण ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालयं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्या काळात सुरे-चाकू बाळगण्यावर बंदी असते. म्हणून कामाचा चाकू खिशाला लावून रस्त्याने फिरू नका. गोदामातच कपाटात ठेवता आला तर उत्तम, नाहीतर बॅगेच्या तळाशी, पुसून, गुंडाळून.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच चाकू आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात ते मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. तिथे पात्याची लांबी किंवा लॉकचा प्रकार कोणी विचारणार नाही. या दोन ठिकाणी जाताना फळं घरूनच कापून डब्यात न्या आणि तिन्ही चाकू घरी ठेवा. बाकीच्या डोंगरांवर निघण्याआधी तो भाग अभयारण्यात येतो का, हे वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या.

लॉकबॅक साफ केल्यावरही पट्टी वर राहिली, तर उघड्या चाकूचा पाठीच्या बाजूने, उजेडासमोर धरून फोटो काढा आणि इथेच टाका. आकडा खाचेत किती खोल गेला आहे ते त्यात दिसेल, मग पुढे काय करायचं ते सांगतो.